काकूंना सांगायचं कसं

सभागृहात त्यांना सगळे माइकवाले काका म्हणत. माइक आणि कर्णे लावायचं काम ते ऐन तिशीपासून करत आले होते, आणि आता केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी करतच होते. त्यांची एक सवय होती. सगळी जोडाजोड झाली की माइक शिपायाच्या हातात द्यायचा, त्याला काहीतरी बडबडायला सांगायचं आणि स्वतः सावकाश चालत जाऊन शेवटच्या रांगेतल्या खांबाआडच्या खुर्चीत बसायचं. पुढच्या खुर्च्यांपर्यंत आवाज कसाही पोहोचतो, असं त्यांचं म्हणणं. खांबाआडच्या माणसाला शब्द न् शब्द कळला, तर यंत्र लागलं म्हणायचं.

शिपाई थट्टेखोर होता. माइक हातात आला की त्याच्या जिभेला हाड राहत नसे. "हॅलो, हॅलो. खांबाआडच्या काकांना कळवण्यात येतं की त्यांच्या वाटणीचा चहा शिपायाने पिऊन टाकला आहे. हरकत असल्यास हात वर करावा."

सभागृह कुणालाही भाड्याने मिळे, त्यामुळे तिथे सगळ्या पंथांचे प्रवचनकार येऊन जात. देवाला जे शेवटचं सांगायचं होतं ते आमच्याच ग्रंथात सांगितलंय, असं सकाळी एक जण सांगून जाई. संध्याकाळी दुसरा त्याच खुर्चीवर बसून, त्याच माइकवर, तेच आपल्या ग्रंथाबद्दल सांगे. काका पडद्यामागे बसून दोघांचेही आवाज सारख्याच मायेने सांभाळत.

"काका, इतके देव तुमच्या यंत्रातून गेले," शिपाई एकदा म्हणाला, "पण उद्या खुद्द देवानेच सभागृह मागितलं तर? किती माइक लावाल?"

"एकही नाही. माइक लागला तर तो देव कसला?"

"मग ऐकू कसं जाणार?"

काका कोपराभोवती वायर गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता थांबले. "हे बघ, तो बोलला तर पुढच्या रांगेला एक आणि मागच्या रांगेला दुसरंच, असं होता कामा नये. सगळ्यांना सारखं. आणि तो बोलून गेल्यावर त्याला नेमकं काय म्हणायचं होतं, हे समजावून द्यायला दुसऱ्या कुणाला उभं राहावं लागू नये."

"म्हणजे हे सगळे प्रवचनकार घरी बसणार. आणि त्यांच्यामागून तुम्ही."

"आणि माझ्यामागून तू."

दोघंही हसले. पुढे रिकाम्या वेळेला हा त्यांचा चाळाच झाला. देव बोललाच तर बहिऱ्याचं काय करेल? परमुलखातून कालच आलेल्याचं काय? शिपायाचं मत असं की बाकी सगळं देवाला जमेल, पण प्रवचनात झोपलेल्या माणसाला उठवणं त्याच्याही हातचं नाही.

काकांच्या घरी बोलण्याचं काम काकूंकडे होतं. काकू बोलायला लागल्या की आवाज कमी करायची कळ शोधत बसावी लागते, असं काका चारचौघांत म्हणत, आणि काकू त्यावर आणखी बोलत. एके दिवशी सकाळी भाजी निवडता निवडता त्या कलंडल्या. डोक्यातली शीर फुटली होती. हातपाय हळूहळू पुष्कळ सावरले, पण शब्द गेले ते गेलेच. नुसते बोलायचे नव्हे, समजायचेही.

"कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "माणसं ओळखतील, खाणाखुणा कळतील. पण बोलणं मात्र त्यांना परक्या भाषेसारखं वाटणार. नुसता आवाज."

इतक्या शब्दांतून काकूंच्या तोंडी एकच उरला होता. "बरं." भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं. पहिल्या दिवसांत काका हसण्यावारी नेत. "आयुष्यभर माझ्या एका वाक्याला बरं म्हटलं नाहीस. घे आता सगळं उट्टं काढून."

"बरं," काकू म्हणत.

त्यांची एकुलती एक लेक नवऱ्याबरोबर पलीकडच्या शहरात असे. तिचं शिवणाचं दुकान होतं. दर रविवारी ती सकाळच्या गाडीने येई, आईला न्हाऊ घाली आणि तिच्या मागे बसून ओल्या केसांचा गुंता बोटांनी सोडवत राही. तेवढा वेळ त्या घरात कुणाला शब्दांची उणीव भासत नसे. काकूंना वारांची नावं आठवत नव्हती, पण रविवार कसा कोण जाणे बरोबर कळे. शेजारची मुलं शाळेत जात नाहीत, यावरून कळत असावा. त्या दिवशी त्या केस मोकळे सोडून सकाळपासून खिडकीशी बसत.

त्या लेकीला ताप आला. साधाच वाटला. तो डोक्यात गेला, आणि काका निरोप मिळून पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिला स्मशानात पोहोचवून ते एकटेच परत आले. घराच्या अलीकडे स्टेशनच्या नळाखाली त्यांनी तोंड धुतलं, पुन्हा धुतलं आणि सदरा हातानेच सारखा केला.

काकूंची धाकटी बहीण सोबतीला येऊन राहिली होती. तिने दारातच त्यांना अडवलं. "भाऊजी, ताईला काही सांगायचं नाही. तिला कळायचं नाहीच, उगाच तुमचा चेहरा बघून घाबरेल. माझी शपथ आहे. हसतमुखाने आत या."

काका हसतमुखाने आत गेले. असं ते जन्मात कधी हसले नव्हते.

रविवार आला. काकू केस सोडून खिडकीशी बसल्या. मेहुणीने जेवायला वाढलं, तर त्यांनी ताट सरकवलं. लेक आल्यावर जेवायचं, हा त्यांचा नेम होता. संध्याकाळी मेहुणीने केस विंचरायला घेतले, तर त्यांनी फणी हिसकावून घेतली. पुढच्या रविवारीही तेच. त्यानंतरच्या रविवारी त्या खिडकीशी बसल्या खऱ्या, पण दुपार कलल्यावर स्वतःच उठल्या, भिंतीचा आधार घेत कपाटापर्यंत गेल्या आणि कपाटावरचा लेकीचा फोटो त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला.

काका दारात उभे राहून बघत होते. काकूंना कळत नव्हतं असं कुठे होतं? त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला होता. आई पांगळी झाली, बोलेनाशी झाली, आणि लेकीने तिला टाकलं.

"अगं, बघ काय समजून बसलीय ती," काका स्वयंपाकघरात मेहुणीला म्हणाले. "पोर गेली ती गेली. वर तिच्यावर हा आळ?"

"मग काय करणार आहात? सांगून बघा. म्हणेल, बरं."

काकांनी सांगून बघितलं. काकूंच्या समोर बसून, त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन ते म्हणाले, "आपली पोर गेली गं." आवाज फुटू नये म्हणून त्यांनी तो अगदी जपून काढला होता, माइकवर काढतात तसा. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. दमलेल्या माणसाला द्यावं तसं एक हसू दिलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

काका उठून मोरीत गेले आणि नळ पूर्ण सोडून कितीतरी वेळ उभे राहिले. मग तोंड पुसून बाहेर आले.

त्या आठवड्यात सभागृहात एका वयस्कर प्रवचनकारांचा कार्यक्रम होता. विषयही योगायोगाने तोच निघाला. देव माणसाशी कसा बोलतो? पहाडावर, वाळवंटात, स्वप्नात, ग्रंथात. माणूस बोलायचा चांगला. लोक भारावून घरी गेले. गाडी यायला वेळ होता म्हणून प्रवचनकार रिकाम्या मंचावर पाणी पीत बसले होते, आणि काका त्यांच्या पायाशी वायर गोळा करत होते.

"एक विचारू का?" काका मान वर न करता म्हणाले. "जिला शब्दच कळत नाहीत, तिच्याशी तुमचा देव कसा बोलेल?"

"देव अंतःकरणाची भाषा बोलतो."

"ते ठीक आहे हो. पण म्हणजे काय करतो? तिची मुलगी वारली आहे, आणि तिला वाटतंय मुलीने तिला टाकलं. हे तिला सांगायचंय. बोलून कळत नाही. तो कसं सांगेल?"

प्रवचनकारांनी पेला खाली ठेवला. ती म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही. काकांच्या तोंडाकडे बघून त्यांना समजलं असावं.

"मला नाही माहीत," ते म्हणाले. त्यांचा मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "माझा सगळा जन्म शब्दांवर गेला. शब्द काढून घेतले तर माझ्याकडे काही उरत नाही. एवढंच वाटतं की तो सांगून निघून जाणार नाही. आम्ही निघून जातो. गाडी येते आमची."

बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. गाडी आली होती. ते उठले, दोन पावलं गेले, परत आले आणि काकांच्या हातातली वायर घेऊन त्यांनी ती उरलेली गुंडाळून दिली. अगदीच वाकडीतिकडी गुंडाळली. काकांनी ती नंतर सोडवली नाही.

रविवारी दुपारी जावई आला. महिनाभर तो लेकीच्या वस्तूंना हात लावू धजला नव्हता. त्यातल्या थोड्या एका कापडी पिशवीत घालून त्याने आणल्या होत्या. जिन्यावर पावलं वाजली तशा खिडकीशी बसलेल्या काकू ताठ झाल्या. दार उघडलं. जावई आत आला. काकू त्याच्या पाठीमागे दाराकडे बघत राहिल्या. दार उघडंच होतं.

"भाऊजी, ती पिशवी आधी आत नेऊन ठेवा," मेहुणी दबक्या आवाजात म्हणाली.

काकांनी पिशवी घेतली. आत वरच लेकीचा चष्मा होता. जाड भिंगांचा. पोरगी चौथीत असताना लागला, तो वाढतच गेला. चष्म्यावाचून तिला पलंगापासून दारापर्यंत जाता येत नसे. झोपेतून उठली की आधी हात उशाशी जाई, मग डोळे उघडत. तिच्यावाचून तो चष्मा कुठे जाईल, असं या घरात कधी घडलेलंच नव्हतं.

"भाऊजी, नका," मेहुणी म्हणाली.

काकांनी चष्मा काकूंच्या हातात ठेवला आणि गुडघे कुरकुरत असताना त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

काकूंनी सवयीने पदराने भिंगं पुसली. मग पुसता पुसता हात थांबला. त्यांनी दाराकडे बघितलं. जावयाकडे बघितलं; तो भिंतीला टेकून खाली मान घालून उभा होता. मग त्यांनी काकांकडे बघितलं. एवढे दिवस काकूंनी असं बघितलं की काका उठत, काहीतरी आणायला जात, नळ सोडत. या वेळी ते उठले नाहीत. तोंड फिरवलं नाही, हसले नाहीत, बोललेही नाहीत. डोळ्यांतून वाहत होतं ते वाहू दिलं.

काकूंना कळलं.

त्यांच्या तोंडून आवाज निघाला, तो कुठलाच शब्द नव्हता. मेहुणी जावयाला घेऊन आत गेली. काका तिथेच बसून राहिले. मध्ये एकदा काकूंनी त्यांना ढकललं, छातीवर मारलं, इतके दिवस लपवल्याबद्दल असेल. काकांनी मारू दिलं. मग त्यांनीच काकांचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. खोलीत अंधारून आलं, तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.

शिपायाला काकांनी घरचं सगळं सांगितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सभागृहात त्याने विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"समजलं त्यांना?"

"सगळं. खांबाआड काही राहिलं नाही." काका कर्ण्याचा स्क्रू पिळत होते. तो आधीच घट्ट बसला होता. "तुला सांगू? देव अजून आपल्याशी धड बोलला नसेल, तर मला वाटतं त्याचं कारण हे असेल. असं सांगितलं की मग उठता येत नाही. बसूनच राहावं लागतं. एका माणसापाशी माझी ही गत झाली. त्याला किती जणांपाशी बसायचंय!"

शिपाई चहा आणायला गेला.

लेकीवरचा आळ गेला होता. काकू आता जेवत होत्या, मेहुणीला केस विंचरू देत होत्या, आणि चष्मा त्यांच्या उशाशी असे. आपण योग्य तेच केलं, याबद्दल काकांच्या मनात शंका नव्हती. पण पुढच्या रविवारी त्यांनी सवयीने खुर्ची खिडकीशी नेली, पडदा सारला आणि पलंगावरच्या काकूंना हात द्यायला गेले, तेव्हा काकूंनी मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली. तेव्हा काकांच्या लक्षात आलं, की इतके रविवार काकूंच्या जोडीने तेही थोडेसे वाट बघत होते. गाडीची वेळ झाली की त्यांचाही कान जिन्याकडे लागत असे. या घरात एक माणूस असं होतं, ज्याच्या लेखी पोरगी अजून यायची होती. ते माणूस आता राहिलं नव्हतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं.

ते थोडा वेळ त्या खुर्चीत बसले. मग उठून पलंगाच्या कडेवर, काकूंच्या पाठीशी जाऊन बसले.