साइमीवहिनीचं तळं

आमची साइमीवहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, सीमेवरच्या तळ्यात मुइक्कू मासे धरते. दादा गेल्यापासून घर तिच्याच जाळ्यांवर चालतं. पलीकडचा काठ रशियाचा. तिथे भीती नाही का वाटत, असं शहरातल्या एका पाहुण्याने विचारलं, तर म्हणाली, थंडी वाटते.

गेल्या वर्षी सरकारने सीमेचा बंदीपट्टा, जिथे परवान्याशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही, तो रुंद करायचं काढलं, म्हणजे अख्खं तळंच पट्ट्यात जाणार. सीमा दलाला किनारा मोकळा हवा होता. ऑस्कारी हा जमिनीचा दलाल. त्याला पट्टा अरुंद हवा होता, काठावर सुट्टीतली घरं बांधून विकायला. वहिनीला फक्त जाळी टाकायची होती.

गावाचं म्हणणं ऐकायला हेल्सिंकीहून मंत्रालयातल्या लेहतोवाराबाई आल्या. कॉफी झाली, वेलचीचे पाव झाले. कोणाला काही बोलायचंय का, असं त्यांनी विचारलं आणि आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसलो. आधी बोलून पुढेपुढे करणारा कोण ठरणार? प्रत्येकाला वाटलं, शेजारी बोलेल. बाईंनी लिहून टाकलं की गावाची हरकत नाही. घरी आल्यावर मात्र एकेकाच्या जिभेला काय धार आली!

ऑस्कारी वहिनीकडे आला, एकत्र अर्ज करू म्हणाला. तिने त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं.

"तुझी घरं विकली गेली की तू निघून जाशील," ती म्हणाली. "मला इथेच राहायचंय."

फोनवर फोन करून तिने दुसरी बैठक लावायला लावली. आणि तिथे कॉफी ओतायच्या आधीच उभी राहिली. आमच्याकडे असं कोणी करत नाही.

"बाई, मागच्या वेळी आम्ही गप्प होतो, ते होकार म्हणून नाही," ती म्हणाली. "आम्ही रोज पाण्यावर असतो. अनोळखी होडी आली तर आधी आम्हालाच दिसते. आम्हाला हाकललंत, तर काठावर नुसते तुमचे सीमेचे खांब उरतील."

सीमा दलाचा अधिकारी शांतपणे म्हणाला, "आणि पूर्वेचा कोपरा? तिथे पलीकडची गस्त अगदी जवळ येते."

तो कोपरा दादाचा, त्याची जाळी तिथेच पडायची. आमचे निम्मे मासे तिथलेच.

"तो घ्या," वहिनी म्हणाली. "तिथे धोका आहे, ते मी नाकारणार नाही."

शेवटी पट्टा रुंदच झाला. ऑस्कारीची घरं बारगळली, कोपरा बंद झाला. पण बाकी तळ्यावर गावच्या कोळ्यांना कायमचा परवाना मिळाला. अशी बाई आमच्या घरात आहे, हे मी भेटेल त्याला ऐकवतो. पण तेव्हा मी भडकलो होतो. पहिल्याच दिवशी जाळी अर्धी रिकामी आली, तेव्हा होडीतच तिला म्हणालो, "वहिनी, दादाचा कोपरा देऊन टाकलास!"

तिने जाळं झटकलं.

"कोपरा तुमच्या दादांचा होता, भावजी. हे तळं मी मिळवलंय."