पितृपक्षात अडलेलं पाकीट

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातला निम्मा राग पंचांगावर होता. नाना, म्हणजे माझे वडील, साधी झाडणी विकत घ्यायची तरी आधी तिथी बघायचे. दहावीत असताना मला नवी सायकल घेतली, पैसे देऊन झाले, आणि हे म्हणाले, आज अमावस्या आहे, घरी उद्या आणू. माझं डोकंच फिरलं. "नाना, अमावस्येला चंद्र कुठे पळून जात नाही! तिथेच असतो. आपल्याला दिसत नाही, एवढंच," असं मी दुकानातच सुनावलं. ते हसून "बरं बेटा" म्हणाले. सायकल दुसऱ्या दिवशीच आली.

नानांच्या बँकेतल्या नोकरीमुळे आम्ही जळगावकडून सुरतेत आलो होतो आणि कतारगामला वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. ही गोष्ट प्लेग येऊन गेल्यानंतर दोनएक वर्षांची. मी एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, तेही हंगामी. अहमदाबादच्या एका संस्थेत अवकाशविज्ञानाच्या संशोधनासाठी मोजकी मुलं घेणार होते. अर्जासोबत स्वतः केलेल्या कामाचा अहवाल जोडायचा होता. वयाच्या अटीत मी त्या वर्षी कशीबशी बसत होते, पुढच्या वर्षी बसणार नव्हते. म्हणजे एकच खेप. हुकली की जन्मभर प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत बसायचं.

चंद्राभोवती फिरून आलेल्या एका परदेशी यानानं काढलेले फोटो तेव्हा पत्र लिहून मागवले तर सीडीवर मिळायचे. सीडीत फोटो म्हणून काही दिसत नाही, नुसते आकडे असतात: कुठला ठिपका किती उजळ, ओळीमागून ओळ. ते आकडे वाचून चित्र छापणारा प्रोग्रॅम मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर स्वतः लिहिला. चंद्राच्या दक्षिणेकडचा एक लहानसा सपाट तुकडा निवडला, छापला, आणि बघते तर त्यावर टेकड्याच टेकड्या! गोल, नीट, पालथ्या वाट्या मांडून ठेवाव्यात तशा. लाव्हा वर येऊन थिजला की असे उंचवटे होतात हे मी वाचलं होतं, पण एका जागी इतके असल्याचं कुठे वाचलं नव्हतं. मी अक्षरशः नाचले. चार महिने खपून अहवाल लिहिला, नावच दिलं 'लाव्ह्याच्या टेकड्यांचा नवा समूह'. आमच्या विभागप्रमुखांनी वरवर चाळून "छान आहे, पाठवून दे" म्हटलं.

एका बुधवारी पाकीट बंद करून नानांच्या हातात दिलं. बँकेशेजारीच पोस्ट होतं. "रजिस्टर करा, पावती जपून ठेवा," मी बजावलं. पितृपक्ष चालू होता, पण मला कुठली आठवण!

त्या रविवारी खालच्या मजल्यावरचे भाई नेहमीसारखे आमचा पेपर वाचायला वर आले. ते सौराष्ट्राकडचे, हिऱ्याच्या कारखान्यात पैलू पाडायचं काम करायचे. मी फुशारकीनं फोटोची दुसरी प्रत त्यांच्यासमोर धरली आणि म्हटलं, बघा, चंद्रावरच्या टेकड्या. भाईंनी सवयीनं खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं.

"बेन, आ टेकरी नथी. खाडा छे."

खड्डे म्हणे! मला असा राग आला. "भाई, तुम्हाला हिरे कळतात ना? मग चंद्र मला कळू दे," मी म्हणाले. ते जराही रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "लाइट कई बाजुथी आवे छे?" उजेड कुठून येतोय? मी म्हणाले, वरून, आणखी कुठून? त्यांनी मान हलवली आणि कागद सरळ उलटा फिरवून माझ्यापुढे धरला.

सगळ्या टेकड्या आत गेल्या. आई पोळ्या टाकून हात पुसत आली होती, ती डोकावून म्हणाली, "माय व! हे तर आप्पेपात्र झालं." भाई मला समजावत होते की कारखान्यात खडा पारखताना दिवा कुठे आहे ते आधी बघावं लागतं, नाहीतर खळगा फुगलेला दिसतो. माणसाचा डोळा उजेड वरूनच येतो असं धरून चालतो. मला त्यांचं निम्मंच ऐकू येत होतं.

सोमवारी सकाळी कॉलेज उघडायच्या आधीच मी दारात. फोटो घेतला तेव्हा सूर्य कुठल्या बाजूला होता हे सीडीतच लिहिलेलं असतं, ते मी उघडूनही पाहिलं नव्हतं. सूर्य मूळ चित्राच्या वरच्या बाजूला होता. आणि माझ्या शहाण्या प्रोग्रॅमनं पहिली ओळ सगळ्यात खाली छापली होती. म्हणजे चित्र खालचं वर, उजेड खालून, आणि चंद्रावरचे साधेसुधे खड्डे माझ्या कृपेनं टेकड्या झाले होते. ज्यांनी उभा जन्म असले फोटो बघण्यात घालवला त्यांच्याकडे मी ते पाठवून बसले होते. पहिल्याच पानावर ते पोट धरून हसतील आणि अर्ज बाजूला ठेवतील.

एसटीडी बूथवरून अहमदाबादला फोन लावला. पाकीट परत मिळेल का, न उघडता? तिथले गृहस्थ म्हणाले, तुमचं काही आलेलं दिसत नाही, रजिस्टरचा नंबर सांगा, शोधतो. नंबर पावतीवर, पावती नानांकडे.

नाना जेवायला घरी आले होते. "पावती द्या," मी म्हणाले. ते ताटात बघू लागले. "नाना, पावती!" मग उठले, हात धुतला, देव्हाऱ्याखालचा खण ओढला आणि माझं पाकीट बाहेर काढलं. जसंच्या तसं. वर तिकीटसुद्धा नाही.

"पक्ष चालू आहे ना बेटा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "एवढं मोठं काम. म्हटलं घटस्थापनेला, शुक्रवारी टाकू. शेवटची तारीख त्यानंतरच्या बुधवारची, मी मोजून ठेवलंय. तुला सांगितलं असतं तर तू..." आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी. आता ही घर डोक्यावर घेणार, हे दोघांच्याही तोंडावर दिसत होतं.

माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच फरशीवर बसले आणि हसत सुटले. हसता हसता रडायलाच लागले. पाकीट छातीशी धरलं होतं. नाना घाबरून आईला म्हणाले, "अगं, पाणी आण, पाणी!" सगळं सांगितल्यावर त्यांना अर्धंच कळलं, पण पाकीट गेलं नाही हे बरं झालं एवढं कळलं. उभ्या आयुष्यात पंचांगानं माझं एवढं भलं कधी केलं नव्हतं. ते कबूल करायला मात्र जीभ रेटेना, म्हणून मी त्यांच्या पाया पडले.

तीन दिवस कॉलेजात ठाण मांडलं. प्रोग्रॅम दुरुस्त केला, चित्रं पुन्हा छापली. नव्या अहवालात टेकड्या नव्हत्या. खड्डे होते, त्यांची मापं होती, आणि एक अख्खं प्रकरण माझ्या चुकीवर होतं: उजेडाची दिशा न बघता फोटो वाचला तर काय होतं. अहवालाच्या शेवटी भाईंचे आभार मानले. गुरुवारी सकाळी नवं पाकीट तयार झालं. त्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. मला ते या खेपेला पक्कं माहीत होतं.

नाना बँकेत निघाले तेव्हा पाकीट त्यांच्या पिशवीत ठेवलं आणि म्हटलं, "उद्याच टाका, घटस्थापनेला. काही घाई नाही." खरं तर घाई होती. पण ते माझ्याकडे इतक्या नवलानं बघत राहिले की मला बरं वाटलं. "बरं बेटा," म्हणाले.

संध्याकाळी आले आणि चपला काढायच्या आधी खिशातून पावती काढून माझ्या हातावर ठेवली. शिक्का त्याच दिवसाचा होता.

"नाना, आज अमावस्या!"

"माहीत आहे की. वाटेत राहिलं, उशीर झाला, तर तुझं वय थोडंच थांबणार आहे?" मग चपला काढता काढता म्हणाले, "आणि चंद्र कुठे जातो? तिथेच असतो. तूच सांगितलं होतंस ना, सायकलच्या दुकानात."

इतकी वर्षं मी समजत होते, यांनी ते ऐकलंच नव्हतं. नानांनी पिशवी खिळ्याला अडकवली, आईला चहा टाकायला सांगितला आणि हातपाय धुवायला आत गेले.