चौदा ओळींची जागा

माझ्या आजीचा एकही फोटो नाही. बदलापूर गावात ती जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात भात लावत राहिली. फोटो काढायला जायचं तर अंगावर धड लुगडं हवं, म्हणून ते राहूनच गेलं. ती गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. म्हणून बाबांनी पन्नाशीच्या आतच स्वेच्छानिवृत्ती घेताना एकच गोष्ट ठरवली होती, स्वतःच्या आईबद्दल आठवेल ते सगळं लिहून ठेवायचं. "फोटो नाही तर नाही, ती कशी होती ते तरी राहील," म्हणायचे. ते लिखाण माझ्याकडे आहे. अडीच पानं. चाळीस पानांची अडीच कशी झाली ते मला सांगायचंय, आणि सांगताना स्वतःला वाचवायचं नाही.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर, हे त्यांना तोंडपाठ. वर्षातून एकदा पडून राहिलेला माल बाहेर काढायचा आणि जागा मोकळी करायची, हे काम ते अगदी मन लावून करायचे. मराठी टायपिंगची परीक्षा तरुणपणीच दिलेली, त्यामुळे घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांची बोटं माझ्यापेक्षा जलद चालली. तो मी उल्हासनगर कॅम्प तीनच्या एका दुकानातून आणला होता, जुन्या-नव्या सुट्या भागांतून जुळवलेला. नव्वदीचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. त्याच्यावर मी लोकांचे बायोडेटा, लग्नपत्रिका, जीन्सच्या कारखान्यांची लेबलं करून द्यायचे. सकाळी बाबा बसायचे, दुपारनंतर मी.

वर्षभरात मशीन रडायला लागलं. सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटं. फाइल उघडायला जावं तर आत डिस्क करकर करत बसायची आणि पडद्यावर ते वाळूचं घड्याळ. माझा राग मुळातच नाकावर. मी टेबलावर हात आपटायचे, कीबोर्ड ढकलून द्यायचे, घरात येईल त्याच्यावर खेकसायचे. शेवटी आम्ही डबा चादरीत गुंडाळून शेअर रिक्षातून कॅम्प तीनला नेला. बाबांनी तो मांडीवर घेतला होता, आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी अधांतरी उचलून धरत होते.

दुकानदार सिंधी, बाबांच्याच वयाचा. त्याने झाकण काढून ब्रशने धूळ झाडली, खटाखट बटणं दाबून पाहिली. "बेटी, मशीन एकदम फर्स्ट क्लास है," म्हणाला. "डिस्क भर गई है बस. फालतू चीज़ें निकालो, हर हफ्ते डीफ्रॅग मारो, फिर देखो कैसा भागता है."

डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर इकडेतिकडे पडलेले फाइलींचे तुकडे गोळा करून ओळीनं लावणारा प्रोग्राम. तो चालू असताना पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून सरकायचे. बाबांना ते फारच आवडलं. "हे तर आमचं स्टोअर गं! रॅक लावतंय." दर रविवारी सकाळी मी आधी नको त्या फाइली पुसायचे, मग डीफ्रॅग लावायचे, आणि बाबा चहा घेऊन दोन-दोन तास चौकोन सरकताना बघत बसायचे.

खरं म्हणजे डिस्क माझ्या मालानं भरली होती. पत्रिकांसाठी जमवलेली वेलबुट्टी, ढीगभर फॉन्ट, मैत्रिणीकडून आणलेले गेम. बाबांचं सगळं लिखाण एका फ्लॉपीच्या कोपऱ्यात मावलं असतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे कळत नव्हतं अशी सबब मला सांगता येत नाही.

एका दुपारी गिऱ्हाईक दारात उभं होतं, आणि बाबा काही केल्या उठेनात. "एवढं होऊ दे गं. नदीवरचं चाललंय." मी त्यांच्या मागे पाय आपटत उभी राहिले आणि नकळत वाचू लागले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आजीनं घरातले देव गाठोड्यात बांधले आणि ती उल्हास नदीवर गेली. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे, तिच्याबरोबर होते. पडद्यावर शेवटचे शब्द उमटत होते, "आय गुडघाभर पाण्यात उतरली, आणि गाठोडं सोडायच्या आधी तिने".

तिथं मी तोंड सोडलं. "तुमच्या या लिखाणानंच डिस्क भरलीय! म्हणून मशीन चालत नाही. माझं काम खोळंबतं, कळतंय का तुम्हाला?"

साफ खोटं बोलले. त्यांना खुर्चीवरून उठवायचं होतं, एवढंच. ते लगेच उठलेही. "असं होय," म्हणाले. "आधी नाही का सांगायचंस?" ते दुखावले असते तर बरं झालं असतं, मी माफी तरी मागितली असती. पण त्यांनी ते कामातली चूक दाखवून दिल्यासारखं घेतलं. राग उतरल्यावर खरं सांगायला हवं होतं. विसरले नव्हते, लाज वाटत होती. आज सांगू, उद्या सांगू करत मी ते टाळलं.

पुढे मशीन जरा सुधारलं, कारण मी माझे गेम काढून टाकले होते. बाबा अधूनमधून विचारायचे, "आता बरं चालतंय ना?" मी कामातून मान वर न करता म्हणायचे, "हो बाबा, पळतंय." ते ऐकून त्यांचा चेहरा खुलायचा, आणि मी तो खुललेला चेहरा कधी धड पाहिलाही नाही.

दोन वर्षांनी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मला वाटलं, त्यांचं लिखाण छापून रोज थोडं वाचून दाखवावं, बरं वाटेल. फाइल उघडली आणि पानं मोजली. अडीच पानं! "आई शेतात काम करी. आई कडक होती. दीक्षेनंतर देव नदीत सोडले." मालाची यादी असावी तसं सगळं.

टेबलाच्या खणात त्यांची वही सापडली. स्टोअरच्या रजिस्टरसारखे रकाने आखलेले, अक्षर मोत्यासारखं. काय काढले, किती ओळी, आणि त्यानंतर मशीन सुरू व्हायला किती वेळ लागला. वेळ त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर मोजला होता. "आय, भातलावणीची गाणी, २२ ओळी. ५ मि. २० से." "आय, मला मारले व मग स्वतः रडली, ९ ओळी. ४ मि. ५० से." "आय, नदीवर देव सोडताना, १४ ओळी. ४ मि. १० से." शेवटच्या पानावर शेरा होता, "मशीन सुधारत आहे."

पडून राहिलेला माल काढावा तशी त्यांनी माझ्यासाठी स्वतःची आई काढून टाकली होती.

मी वेड्यासारखी शोधत सुटले. बाबा ज्यात लिहायचे तो प्रोग्राम प्रत्येक फाइलची आधीची प्रत आपण होऊन बाजूला ठेवायचा. त्या प्रती मी दर रविवारी कचरा म्हणून पुसल्या होत्या. पुसलेलंही कधीकधी परत मिळतं, म्हणून डिस्क काढून कॅम्प तीनला नेली. या वेळी ती मांडीवर धरायला बाबा नव्हते. दुकानदारानं दोन दिवस खटपट केली आणि मान हलवली. "उसके ऊपर दूसरा माल चढ़ गया, बेटी. डीफ्रॅग हर हफ्ते मारा है ना? नीचे का अब किसी को नहीं मिलेगा." चौकोन सरकत होते तेव्हा आजीच्याच जागेवर सरकत होते, आणि बाबा समोर बसून कौतुकानं बघत होते. मी दुकानातच रडले.

घरी येऊन बाबांजवळ बसले. "बाबा, गाठोडं सोडायच्या आधी आजीनं काय केलं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना प्रश्न कळला, याबद्दल मला आजही शंका नाही. ओठ हलले, घशातून "आ... आ..." एवढं आलं, मग डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबले. त्या दिवशी नदीवर असलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही.

बाबा त्यानंतर दीड वर्ष होते. तुमच्या ओळींचं ओझं मशीनवर कधी पडलंच नव्हतं, हे त्यांना सांगायचं रोज ओठांवर यायचं आणि रोज मी ते गिळायचे. सांगितलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं, पण त्यांच्याजवळ मग काय उरलं असतं?

सकाळी अंघोळ घातली की मी त्यांच्या डाव्या हातात घड्याळ बांधायचे. दुपारी मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं की ते पलंगावरून मनगट वळवून घड्याळाकडे बघायचे. पडदा उजळेपर्यंत नजर हलायची नाही. मग त्याच हाताची चार बोटं मला दाखवायचे, आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसून उत्तराची वाट बघायचे.

"हो बाबा," मी म्हणायचे, "पळतंय."