मुक्बिलचा जावई टेकडी उतरला तेव्हा

मुक्बिल आमच्या भिंतीपलीकडे राहायचा. अकरा वर्षं तो टेकडीवरच्या लष्करी छावणीत पाण्याचा टँकर नेत होता. छावणी आधी सरकारची होती, मग बंडखोरांची झाली. तो म्हणायचा, "झेंडा बदलला तरी टाकी मलाच भरावी लागते." नबीहा त्याची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा नाजी त्या छावणीत शिपाई.

ज्या सकाळी सरकारी फौजेने टेकडीला वेढा घातला, त्या सकाळी मी त्यांच्या अंगणात भट्टीत रोट्या थापत होते. खालून भोंगा ओरडत होता, "हत्यारं टाका, हात वर करून उतरा, जीव वाचेल!" नाजीचा फोन आला. मुक्बिल हसत म्हणाला, "काय जावईबापू, तुम्हाला खाली आणायलाही टँकरच पाठवू का?"

नबीहा आत होती. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "बंदूक वरच टाक. खंजीर? छे! मोकळ्या कमरेने उतरलास तर बायको तरी दारात घेईल का? त्यांच्यासमोर आलास की खंजीर म्यानासकट काढ आणि पायाशी ठेव. तुमचा न्याय मला मान्य, असं झालं ते. खंजीर पायाशी ठेवणाऱ्याला कुणी हात लावत नाही, बाबा."

खरंच होतं ते. आमच्या डोंगरात तशीच रीत. मीही मान हलवली.

खाली उभे होते ते शिपाई समुद्राकडचे. तिकडे कुणी कमरेला खंजीर लावत नाही, ही रीतही कुणाला ठाऊक नाही. नाजी हात वर करून उतरला, दहा पावलांवर थांबला आणि त्याने उजवा हात कमरेला नेला. दोन गोळ्या. मुक्बिल तिथेच होता, त्या सरकारी फौजेलाच पाणी द्यायला आलेला. तो सांगत होता, गोळी घालणारा पोरगा त्याला विचारत होता, "चाचा, हात वर होता ना त्याचा? मग खाली का नेला?"

दुपारी छावणी पडली. भोंग्यावरून विजयाच्या घोषणा झाल्या.

नाजीला अंगणात आणून ठेवलं. नबीहा रडत नव्हती. बापाकडे बघून तिने एवढंच विचारलं, "बाबा, तो घाबरट नव्हता, वेडाही नव्हता. हात वर ठेवा म्हणत होते ना? मग खंजिराला हात का लावला त्याने?"

 मुक्बिल माझ्याकडे बघत राहिला.

मी सगळं ऐकलं होतं. अल्लाहलाही ठाऊक होतं. मी ओढणी तोंडावर ओढली आणि गप्प बसले.