दुखणं डाव्या गुडघ्यात, सुया उजव्या

पन्नाशी उलटलेल्या बाईला डावं-उजवं कळत नाही, असं कोणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. आता गप्प बसते. काहून? ऐका तर!

माझा डावा गुडघा दुखायचा. घमापूरच्या आमच्या घराचा जिना मी देवाचं नाव घेत चढायची. शेवटी आमचा समीर म्हणाला, "आई, ऋचाकडे जा. ती सुया लावून दुखणं घालवते."

ऋचा कोण? अहो, जिच्याशी लग्न करायचं म्हणून हा पोरगा चार महिने आमच्या मागे लागला होता, तीच! शिकलेली डॉक्टर, ओमती मोहल्ल्यात तिचा दवाखाना. मी तिला एकदाच पाहिलं होतं. आता सांगा, तिथं कोण कोणाला तपासणार होतं?

त्यात मला सुईची भारी भीती. पलंगावर आडवी झाले ती दोन्ही हातांनी कडा धरूनच. ऋचानं डावा गुडघा दाबून पाहिला, काहीतरी समजावून सांगितलं. माझं लक्ष कुठे होतं! मी त्या केसाएवढ्या सुयांकडे बघत होते.

"डरू नका ना, काकू. बिलकुल समजणार नाही."

मी डोळे घट्ट मिटले. आणि खरंच, मुंगी चावल्याइतकंही वाटलं नाही. हळूच एक डोळा उघडून पाहते तर काय? सगळ्या सुया उजव्या गुडघ्यात!

अरे देवा! बोलावं तर बाजूच्या पलंगावरच्या पेशंटसमोर पोरीची फजिती. न बोलावं तर जिला डावं-उजवं कळत नाही, तिच्या हाती माझा पोरगा द्यायचा?

"कसं वाटून राहिलं, काकू?"

"छान! उजवा एकदम हलका झाला."

तिनं भुवया वर केल्या. "अच्छा, उजवा पण दुखत होता?"

"उजवाच तर दुखत होता!" मी ठासून सांगितलं. मनात म्हटलं, झाकली पोरीची चूक.

पण खोटं बोलणं सोपं असतं का? दवाखान्यातून निघाले ती उजव्या पायानं लंगडतच. घरी समीरसमोरही लंगडावं लागलं, नाहीतर तो तिला सांगणार!

आमचे हे म्हणाले, "अगं, काल तर डावा दुखून राहिला होता!"

"तुम्हाला माझ्याकडे बघायला फुरसत कधी असते?" मी त्यांचं तोंड बंद केलं.

पुढच्या वेळी ऋचानं डाव्या गुडघ्यात सुया लावल्या. मला इतकं बरं वाटलं! पोरीला आपली चूक आपणच समजली! पण मी लंगडणं कसं सोडणार? तिसऱ्या वेळी ती उजवा गुडघा दाबत बसली, एक्स-रे लिहून दिला, आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

त्याच संध्याकाळी समीर न जेवता उठला. "आई, ऋचा रडून राहिली आहे. म्हणते, तुझ्या आईचा चांगला पाय मी बिघडवला. आता कोणत्या तोंडानं तुमच्या घरी येऊ?"

सकाळी पहिली ई-रिक्षा पकडली आणि दवाखाना उघडायच्या आधी दारात उभी राहिले.

"बेटा, दुखत डावाच होता गं! तू उजव्यात सुया लावल्यास, म्हणून मी सांभाळून घेतलं."

ऋचा स्टुलावर मटकन बसली. "काकू! कधी कधी आम्ही दुखरा पाय सोडून दुसऱ्याच पायात सुया लावतो. मुद्दाम! तुम्ही उजवा दुखतो म्हणाल्या, म्हणून पुढच्या वेळी डाव्यात लावल्या. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना? तुम्ही हो-हो म्हणाल्या होत्या."

मी कशाकशाला हो म्हटलं होतं, ते त्या देवालाच माहीत.

"चलो, सोडा. डावा आता कसा आहे?"

मी वाकवला, सरळ केला, वजन टाकून पाहिलं. दुखणं गायब! या गडबडीत तो कधी बरा झाला, मला पत्ताच नाही.

"आणि उजवा?"

उजवा मात्र खरोखर ठणकत होता. आठ दिवस लंगडून लंगडून!

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. लग्न ठरलं आहे, देवाची कृपा. उजव्याचा इलाजही चालू आहे. फक्त हल्ली मी पलंगावर आडवी झाले, की ऋचा मला काही विचारत नाही. आधी समीरला फोन लावते आणि माझ्यासमोरच विचारते, "खरं सांग, काकूंचा कोणता पाय दुखून राहिला?"