ओल्या कापडाचा थर्मामीटर

आमच्या घरात लिहिणारं कुणी झालं नाही, त्यामुळे मी लिहावं हेच मला आगाऊपणाचं वाटतं. चुकलं तर माफ करा.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्टसाठी सरांनी दोन थर्मामीटर दिले. एक साधा, दुसऱ्याच्या खालच्या टोकाला ओली मलमल गुंडाळायची. मलमल वाळते तसा त्यातला पारा उतरतो. हवेतच ओल भरलेली असली की कापड वाळत नाही आणि दोन्ही आकडे जवळ येतात. घामाचंही तसंच, सर म्हणाले. तो वाळला तरच अंग थंड होतं.

वडील मार्केट यार्डात हमाल. ते काम करत त्या पालेभाजीच्या गाळ्यात मी ते थर्मामीटर टांगले. मे संपत आला होता. भाजी सुकू नये म्हणून तिथे दिवसभर पाणी मारत, दाराला ओली पोती सोडलेली असत. वारा येत नसे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघाले.

मी म्हटलं, दुपारी इथे काम करू नका, निदान पोती तरी काढा. हमालांची टोळी हसली. वडिलांच्या जोडीचे काका म्हणाले, "अहो सायंटिस्ट, भाजी सुकल्यावर तुमचा पारा खायचा का आम्ही?"

वडीलही हसले. "पाणी मारलंय, गार हाय की."

घामाबद्दल सांगितलं, तर ते म्हणाले, घाम येतो तोवर माणूस ठीक असतो. आमच्याकडे तापातही असंच मानतात. घाम फुटला की आई कपाळ चाचपून म्हणायची, उतार पडला.

पुढच्या आठवड्यात हिंजवडीला एका कंपनीत मुलाखत होती. मोबाईल गेटवर ठेवून घेतले. आत एसी इतका होता की मी हात मांड्यांखाली धरून बसलो. संध्याकाळी निवड झाल्याचं कळलं. मला काही विशेष वाटलं नाही. बोटं अजून बधिर होती.

गेटवर मोबाईल हातात आला तेव्हा तो वाजतच होता. काका होते. दुपारी वडिलांना चक्कर आली म्हणून त्यांना गाळ्यातच, ओल्या पोत्यांवर निजवलं होतं. मग टोळी ट्रक उतरवायला गेली.

मी विचारलं, घाम येत होता का.

"लई येत होता रं. न्हाल्यागत. आम्हाला वाटलं, उतार पडला. तुझा बा गेला, पोरा."