कळंब्याच्या बांधावरून आक्काच्या चालीनं

दाजींचं पत्र आलं तेव्हा मी पुण्यात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायला नुकता लागलो होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, बोलायला मोजके. पत्रातही मोजकंच होतं: "आक्का सहा महिने अंथरुणावर आहे. रिक्षातही बसवत नाही. कळंब्याचा तलाव बघायचा म्हणते. कॅमेरा घेऊन ये."

आक्का शाळेत शिक्षिका. स्कूटरवरून पडून पाठ दुखावेपर्यंत ती रोज सकाळी तलावाच्या बांधावर फिरायला जायची.

मस्कतहून आलेल्या मित्राचा छोटा कॅमेरा मागून घेतला आणि स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली. आता चौपदरी रस्ता आहे, तेव्हा मात्र अख्खा दिवस जायचा. कॅमेरा मांडीवरच होता. कराडला चहा प्यायलो तोही तो छातीशी धरून. कोल्हापूरला उतरल्यावर मिसळ खाल्ली (कट जपून मागा, सवय नसेल तर डोळ्यांतून पाणी येतं) आणि रिक्षानं कळंबा गाठलं.

आक्का उताणी पडून होती. खिडकीतून शेजारच्यांची भिंत दिसायची. मला बघून म्हणाली, "वाळलास रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत शूटिंग केलं. घरी येऊन कॅमेरा वायरनं टीव्हीला जोडला. पाणी, झाडं, आभाळ, सगळं माझ्या प्रत्येक पावलाबरोबर उडत होतं. आक्कानं दोन मिनिटांत डोळे मिटले.

"बंद कर. पोटात ढवळतंय."

लग्नात मी एका जागी उभा राहून शूटिंग करायचो, त्यामुळे चालताना काय होतं हे मला कधी कळलंच नव्हतं. दाजी म्हणाले, "उद्यमनगरात एक मिस्त्री ओळखीचे आहेत. विचारून बघू."

उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री आणि वेल्डिंगचा वास. मिस्त्री पन्नाशीचे, हात ग्रीसनं काळे. कॅमेरा तळहातावर तोलत त्यांनी विचारलं, "पावणं, एवढुसं हाय व्हय? म्हणूनच नाचतंय. वजन न्हाय त्येला."

त्यांनी हातभर पाइप कापला. वर कॅमेऱ्यासाठी पट्टी, खाली लोखंडी चकत्या आणि मधे सगळ्या बाजूंना फिरणारी मूठ. पहिल्यांदा खाली वजन जास्त झालं, कॅमेरा झोपाळ्यासारखा हिंदकळू लागला. मिस्त्रींनी एक चकती काढली, पाइप आडवा करून सोडला. तो सावकाश, न हेलकावता उभा झाला.

"आता मूठ आवळू नगा. गुडघं जरा वाकवून चाला. घागर घिऊन बाई चालती तसं. हात हालंल, कॅमेरा न्हाय."

पैसे द्यायला लागलो तर म्हणाले, "बाईंनी माझ्या पोरीला शिकवलंय. ऱ्हाऊ द्या की."

तिसऱ्या दिवशी पुन्हा बांध. मूठ धरून हात भरून आले, पण घरी टीव्हीवर पाणी स्थिर होतं आणि वाट तरंगत पुढं सरकत होती. मी आक्काच्या तोंडाकडं बघत होतो. ती मन लावून बघत होती, पण मधेमधे कपाळाला आठी पडत होती.

"नाही आवडलं?"

"छान आहे. पण तू कामाला निघाल्यासारखा चालतोयस. मी अशी कुठं चालत होते? दगडी पायऱ्यांपाशी थांबायचे. पुढं म्हशी धुणारी सखूबाई असायची, तिच्याशी बोलायचे. तू तर तिच्या अंगावरून गेलास."

मी रजा एका दिवसानं वाढवली.

चौथ्या सकाळी आक्कानं सांगितलं तसा चाललो. पायऱ्यांपाशी थांबलो. म्हशी धुणाऱ्या बाईंपाशी गेल्यावर त्यांनीच विचारलं, "कशाचा फोटो काढतासा?" मी आक्काचं नाव सांगितलं. त्यांनी हातातला घासणीचा चोथा खाली ठेवला, पदर नीट केला आणि थेट कॅमेऱ्यात बघून बोलल्या.

"बाई, बऱ्या हायसा न्हवं? किती दीस झालं, वाट बघतोय आमी. म्हशीला रेडी झाली. तुमी नाव सांगतो म्हणलावता. अजून ठेवलं न्हाय."

टीव्हीवर हे ऐकताना आक्का उत्तरं देऊ लागली. "बरी आहे गं. येते. येते मी." मग रडली. पडल्यापासून पहिल्यांदाच, असं दाजी नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाले.

तुम्ही कोल्हापूरला जाल तेव्हा देवळाबरोबर कळंब्याचीही एक सकाळ ठेवा. शूटिंग करणार असाल तर कॅमेरा स्थिर ठेवणं शिकता येतं, वेग मात्र कुणासाठी काढताय त्यावर ठरवा. मला ते चार दिवसांत कळलं आणि पुढं धंद्यात जन्मभर पुरलं.

आक्का पुढं काठी घेऊन घरात चालू लागली, पण बांधापर्यंत कधी पोचली नाही. ती कॅसेट बुरशीनं गेली. पुण्यात परतल्यावर महिन्याभरानं दाजींचं पत्र आलं होतं, तेवढं मी जपून ठेवलंय. आयुष्यात कधी फिरायला न गेलेल्या त्या माणसानं लिहिलं होतं: "रेडीचं नाव चंद्री ठेवलं. मी रोज सकाळी बांधावर जातो. आल्यावर आक्काला सगळं सांगावं लागतं, म्हणून सावकाश चालतो."